कॅमेऱ्याखालची धाकटी

ताईला परदेशी सिनेमाचं बोलावणं आलं ते तब्बल एकतीस वर्षांनी, आणि आलं तेही नेमकं अशा वेळी, की सकाळची गोळी घेतली की नाही हेसुद्धा तिला आठवेनासं झालं होतं. गोळी तरी कसली, तर विसरू नये म्हणून दिलेली. डॉक्टरांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हा नुसता विसराळूपणा नाही, आजार आहे, आणि तो वाढतच जाणार. ताईने ते दाराआडून ऐकलं. घरी आल्या आल्या तिने धाकटीला दम भरला, की हे बाहेर कुणाला कळलं तर मला तोंड दाखवू नकोस.

धाकटी ही ताईची सख्खी बहीण, सहा वर्षांनी लहान. म्हणजे आता तीही काही कोवळी नव्हे, बासष्टची. तिला नाव होतं, पण ते पासपोर्टापुरतं. पाण्याचा ग्लास पुढे करण्यापासून ताईच्या वतीने खोटं बोलण्यापर्यंत सगळी कामं तिच्याकडे. नट्यांच्या बहिणींचं असंच असतं, त्यांना कुणी विचारत नाही आणि त्यांच्यावाचून घरातलं पानही हलत नाही.

आता खरं सांगायचं तर त्या परक्या भाषेत ताईने पूर्वी चार सिनेमे केले, बक्षिसं घेतली, आणि भाषेचा एक शब्द तिला येत नव्हता. येत होती ती धाकटीला. सोबत म्हणून गेली, रंगभूषेच्या खोलीत कपडेवाल्या बायकांत बसली आणि सहा महिन्यांत घडाघडा बोलायला लागली. मग अशी पद्धत पडली, की धाकटीने संवाद आपल्या लिपीत उतरवायचे, अर्थ सांगायचा, ताईकडून घोकवून घ्यायचे. आणि शॉटच्या वेळी कॅमेऱ्याच्या खाली पाय पोटाशी घेऊन बसायचं आणि आवाज न करता नुसते ओठ हलवायचे. ताई अडली की तिची नजर खाली यायची, शब्द उचलायची आणि वर जायची. समीक्षकांनी त्या नजरेवर रकानेच्या रकाने भरले. ती नजर झुकते तेव्हा म्हणे बाईच्या मनातलं सगळं दुःख दिसतं. दुःख कसलं डोंबलाचं!

धाकटीला त्याचं वाईट वाटत नसे, कारण तिथे तिची एक वेगळीच चैन होती. तिथे ताई मुकी आणि ही बोलकी. दिग्दर्शक सांगायचा ते हिच्याकडे बघून. जेवणाच्या टेबलावर लोक हिच्या विनोदांना हसायचे आणि ताई शेजारी शोभेला बसायची. परत आल्यावर हिच्या बोलण्याला एकतीस वर्षांत कुणी हसलं नाही. म्हणून बोलावणं आलं त्या दिवशी ताईपेक्षा धाकटीच जास्त हरखली. तिला जायचं होतं. एकदाच, शेवटचं, तिथे जाऊन स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला.

दिग्दर्शक नवा होता, चाळिशीही न गाठलेला. ताईचे जुने सिनेमे बघून त्याने पत्र पाठवलं होतं. परीक्षा घ्यायला तो स्वतःच सहा आठवड्यांनी येणार होता. पूर्ण गोष्ट त्याने कुणालाच दिली नव्हती, फक्त सहा पानांचा एक प्रसंग धाडला होता. मुलगा परगावी निघालाय, आई त्याची बॅग भरतेय आणि बोलत राहतेय, एवढंच.

त्या सहा पानांनी घराचा नरक केला. सकाळी नऊला बसायचं, दुपारपर्यंत एक पान पाठ व्हायचं आणि चहा पिऊन येईतो ते पुसलं जायचं. मग ताई कागद भिरकावून द्यायची. धाकटी दुखऱ्या गुडघ्यांनी वाकून एकेक पान गोळा करायची, आणि ती वाकलेली असतानाच ताई म्हणायची, की तुला शिकवता येत नाही, तुझं लग्न झालं असतं तर नवऱ्याने आठ दिवसांत हाकलली असती. धाकटीही काही साध्वी नव्हती. मधात घोळवलेल्या आवाजात ती म्हणायची, पुन्हा पहिल्यापासून. ताईचा चेहरा तेव्हा कसा पडतो ते ती बघायची, आणि तिला बरं वाटायचं.

एकदा ताई न्हाणीघरात बराच वेळ रडत होती. धाकटी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहिली, आत गेली नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मॅनेजरचा फोन आला. धाकटी त्याच खोलीत ताईच्या साडीला इस्त्री करत होती, पण तिच्यासमोर काय बोलावं काय नाही असला विचार ताईने कधी केलाच नव्हता. तिकिटं दोन ना, असं तिकडून विचारलं असावं. ताई म्हणाली, एकच. तिथे भाषेला माणूस देतात म्हणे. हिला ते गुडघे घेऊन कुठे ओढत नेऊ? घर मी बंदच करणार आहे, हिची तेवढी एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात सोय बघा.

धाकटीने साडी नीट घडी करून पलंगावर ठेवली. तिने ताईला गोळी दिली, पाणी दिलं, केस विंचरून दिले आणि टॅक्सी बोलावली.

परीक्षा एका तालमीच्या हॉलमध्ये होती. मध्ये टेबल, टेबलावर उघडी बॅग आणि शर्टांचा ढीग. कॅमेरा खुद्द दिग्दर्शकच चालवत होता. धाकटीने मी इथे बसते म्हणून सांगितलं आणि कॅमेऱ्याखाली स्टुलावर बसली. पहिली दोन पानं ताईने अशी म्हटली, की दिग्दर्शकाने मान डोलावली. तिसऱ्या पानावर घोडं अडलं. ताईची नजर खाली आली.

धाकटी मूग गिळून बसली.

नजर वर गेली, पुन्हा खाली आली. धाकटीने ओठ घट्ट मिटून सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. ताईने हातातल्या शर्टाची घडी केली, मोडली, परत केली. मग ती बॅगेकडे अशी बघायला लागली जणू ही कुणाची, इथे कशी आली, तिला ठाऊकच नाही. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो कुठल्याच भाषेतला नव्हता. दोन मिनिटं गेली. धाकटीला वाटलं, आता तो थांबवेल, मान हलवेल आणि झालं, संपलं, सोय बघा आता स्वतःचीच. पण त्याने कॅमेरा थांबवला नाही.

थांबवला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. तो ताईकडे न जाता आधी धाकटीकडे आला आणि त्याच्या भाषेत बोलायला लागला. आमच्या गोष्टीतली आई हळूहळू सगळं विसरत जाते, म्हणाला. एकोणीस नट्या बघितल्या, सगळ्या उत्तम, सगळ्यांनी विसरण्याचा अभिनय केला, आणि मला अभिनय नको होता. यांना खरोखर आठवत नव्हतं ना? आणि त्या तुमच्याचकडे बघत होत्या. तुम्हाला यावंच लागेल.

ताई पांढरीफटक पडली होती. तिला एक अक्षर कळलं नव्हतं, तरी ती टेबलाला धरून ताठ उभी राहिली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "मी मुद्दाम थांबले. तो अभिनय होता. माझी स्मरणशक्ती अजून तल्लख आहे म्हणावं."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. मग दिग्दर्शकाकडे वळून, एकतीस वर्षं जपून ठेवलेल्या सुरेख उच्चारांत ती म्हणाली, "ताई म्हणते, तिला काहीच आठवत नव्हतं. हे रोजच होतं. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार."

दिग्दर्शकाने सुस्कारा सोडला. त्यात दया होती, पण समाधान त्याहून जास्त होतं.

"काय म्हणतोय?" ताईने विचारलं.

"असा अभिनय त्याने जन्मात पाहिला नाही. तुला घेतलं. आणि मीही यायचं, अशी त्याची अट आहे."

ताईचा चेहरा फुलला. अट म्हटल्यावर तिचाही इलाज नव्हता. बरं, ये मग, एवढंच ती म्हणाली आणि आरसा शोधायला पर्स उघडली.

दिग्दर्शकाने धाकटीला काम समजावून दिलं. सेटवर यांना कुणीही शब्द द्यायचा नाही. तुम्ही रोज आज बसलात तशाच समोर बसायचं. त्या कितीही केविलवाण्या नजरेने बघू देत, तुम्ही गप्प राहायचं. जमेल का तुम्हाला?

"आयुष्यभर हिच्यासाठी ओठ हलवले," धाकटी म्हणाली. "ते बंद ठेवायचं काम पहिल्यांदाच मिळतंय. फुकटसुद्धा करीन."

दिग्दर्शक खळखळून हसला. धाकटीही हसली. ताईला काही कळलं नाही, पण दोघं हसताहेत म्हणून तीही हसायला लागली.