मुके ठोकळे

शिवामामा धाटावच्या एका कंपनीत गेटवर होता. शिफ्ट सुटली की कामगारांचे डबे उघडून पाहायचा. घरी निघताना स्वतःचाही पाहायचा.

त्याच्या मुलीचं, मैनाचं लग्न पेणच्या रामवाडीतल्या काळुराम वेल्डरच्या गोविंदाशी ठरलं होतं. मांडवाच्या कनाती वाऱ्यानं उडू नयेत म्हणून खाली बांधायला वजनं हवी होती. मामानं हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड लोखंडी कांब ठोकळे कापायला काळुरामकडे दिली. त्याआधी माझ्या, म्हणजे भाच्याच्या, यंत्रात तपासली.

यंत्र म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि जुन्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर. वेटोळ्यात लोखंड घालून लोहचुंबक जवळ नेला, की लोखंडातले बारीक चुंबकी कप्पे दचकत दिशा बदलतात आणि स्पीकर खरखरतो. कांब भाजका पापड चुरावा तशी खरखरली. मामानं आवाज लक्षात ठेवला.

आठवड्यानं आठ आखूड ठोकळे वरश्याला मामाच्या घरी आले. यंत्रात एकेक घातला. जवळजवळ मुके.

"लोखंड बदललं त्यांनी," मामा म्हणाला.

"वजन जवळपास तेवढंच हाय ना?" मी विचारलं.

"जवळपास. तेच खटकतंय. असल्या घरात पोर देणार नाय मी."

मैना तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, यंत्र तुझं. आता लग्नबी तूच वाचव."

ठोकळे आणि यंत्र घेऊन आम्ही एसटीनं पेण गाठलं. काळुराम म्हणाला, "या व्याही, चहा घ्या."

"आधी लोखंड," मामा म्हणाला.

मी समजावलं, "लांब कांबेची टोकं एकमेकांपासून दूर असतात. ठोकळ्याची जवळ येतात, उलटी ओढ लावतात. चुंबकाचा जोर त्यातच खर्ची पडतो, आवाज बसतो."

"म्हणजे टोकंबी सामील," मामा म्हणाला.

मग मी आठही ठोकळे एका प्लास्टिकच्या नळीत टोकाला टोक भिडवून भरले आणि नळी वेटोळ्यात घातली. स्पीकर खरखरला. तोच पापड, जरा सादळलेला.

"कमी का?"

"मध्ये फटी राहतात, मामा."

"फटीतलं लोखंड कुठं हाय?"

काळुरामनं फळीवरून कागदाची पुडी काढली. "करवतीचा कीस. व्याही गेटवरचे, म्हणून झाडून ठेवला."

मामानं लोहचुंबक फिरवला. सगळा कीस चिकटला. मामानं तो परत पुडीत झाडला आणि पुडी खिशात घातली.

"तारीख हाय तीच ठेवा," तो म्हणाला, आणि चहा घेतला.

परतताना त्यानं वडखळला पुडी उघडून पाहिली. नागोठण्याला पुन्हा.