भरल्या गाडीचा मान

गोदावरीतल्या बेटावर जायला एकच दगडी पूल, तोही एका गाडीपुरता. पुलावर समोरासमोर गाठ पडली, की रिकाम्या गाडीनं मागं जायचं आणि भरलेल्या गाडीला वाट द्यायची, ही बैलगाड्यांच्या काळापासूनची रीत. म्हणून समोरच्याला विचारायचंच, "काय भरलंय?"

मोतीराम आणि त्याचा धाकटा भाऊ वाल्मीक यांच्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बावीस वर्षं अबोला होता. लग्नं झाली, मयती झाल्या, शब्द नाही. पण सकाळी मोतीराम फुलं घेऊन नाशिकच्या बाजाराला निघे, तेव्हा वाल्मीक भाजी विकून परतत असे. ताडपत्रीखालचा झेंडू त्याला दिसत असे, तरी तो विचारी.

"काय भरलंय?"

"झेंडू."

मग वाल्मीक मुकाट्यानं गाडी मागं घेई. एवढंच बोलणं. एका वर्षी रोगानं निम्मी बाग गेली, तेव्हा मात्र तो जास्तीचं बोलला होता, "शेवंती लावून बघ." मोतीरामनं लावली होती.

आता शेजारी दुपदरी पूल उभा राहिला. उद्यापासून जुना बंद. सगळं बेट खूश होतं. उद्या वाल्मीक शेजारून निघून जाईल, विचारायचं कारणच उरणार नाही, हे मोतीराम कुणाला सांगणार?

जुन्या पुलाच्या त्या शेवटच्या दिवशी फुलांची तोडणी नव्हती. तरी तो आपला छोटा हत्ती टेम्पो घेऊन निघाला.

"रिकामी गाडी कुठं पळवताय?" बायको गोजराबाई ओरडली. "डिझेल काय फुकट येतं का?"

पुलाच्या मध्यावर वाल्मीक भेटला.

"काय भरलंय?"

"काय नाय."

"माझ्यातबी काय नाय." वाल्मीक गोंधळला. "मग आता?"

"मीच घेतो मागं."

पण दुपारी बाजारातून परतताना पूल मोकळाच असे, त्यामुळे पुलावर मागं जायची पाळी मोतीरामवर कधी आलीच नव्हती. गाडी कठड्याला घासली. वाल्मीक उतरला, अंग चोरून मागच्या बाजूला गेला.

"दादा, नदीत चाललास का? डावीकडं घे. येऊ दे... येऊ दे... आरं, लय फिरवलंस! लायसन काय जत्रंत घेतलं?"

"तू दिसत नायस मला."

"मग आरशात बघ की! हा काय, उभा हाय."

मोतीरामनं आरसा वळवला. पांढऱ्या मिशांचा वाल्मीक दोन्ही हात हलवत होता. बेटाचा काठ अजून शंभर पावलं लांब होता. मोतीरामनं चाक मुद्दामच जरा जास्त फिरवलं.