प्रतिक्रिया शून्य

"धाकटीचा हात हलका आहे हो. थोरलीची वीण पक्की, पण इतकी घट्ट, की तिच्या मोज्यात गेलेला पाय परत बाहेर यायचा नाही."

आई हे शेजारच्या नर्सबाईंना सांगत होती आणि दोघी हसत होत्या. थोरली तेव्हा अकरा वर्षांची. पडद्याआड उभी होती, हातात अर्धा विणलेला मोजा. आईच्या आवाजात माया होती, थट्टा होती, दोष कुठेच नव्हता. पण मायेनं बोललेला शब्दच जास्त आत जातो. थोरलीनं त्या दिवशी मोजा उसवला, पुन्हा विणला, पुन्हा उसवला. धाकटी पलीकडे जमिनीवर पालथी पडून, पाय हलवत, गुणगुणत विणत होती, आणि तिच्या सुयांवरून वीण अशी उतरत होती जशी झोपलेल्या मांजराच्या अंगावरून ऊन.

त्याला चाळीस वर्षं झाली. थोरली आता एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दिवसभर लोकांच्या चुका शोधते, समासात लाल खुणा करते. धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर चौकटी बसवून बघते. आई गेली तेव्हा तिची विणकामाची वही थोरलीकडे आली, आणि थोरलीनं ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं 'सुलट-उलट'. दर रविवारी सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर पांढरा कागद पसरून ती विणलेला तुकडा ठेवी, फोटो काढी, आणि वहीतली एक वीण टाका-टाका मोजून लिहून काढी. छंदच तो. पण सोमवारी छापखान्यात जाताना तिची चाल वेगळी असे.

सुरुवातीला पाच-सहा जण वाचत. शनिवारपर्यंत त्यांच्या दोन-चार प्रतिक्रिया येत. 'मॅडम, छान.' 'मॅडम, लोकर कुठली?' आणि सर्वांत आधी, न चुकता, धाकटीची.

मग धाकटीनं स्वतःचा ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'हलका हात'.

थोरलीनं ते नाव वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. लहानपणी त्या दिवशी पडद्याआड कोण उभं होतं हे धाकटीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. पण खुपायचं ते खुपलंच.

त्यानंतर 'सुलट-उलट' हळूहळू मुका झाला. प्रतिक्रिया येईनाशा झाल्या. जुने पाच-सहा जण एकेक करून पांगले, नवे कुणी बोलेना. गंमत अशी की येणारे येत होते. रोज किती जणांनी पान उघडलं तो आकडा कोपऱ्यात दिसे, आणि तो वाढतच होता. तीस, साठ, दीडशे. लोक यायचे, बघायचे, आणि एक शब्द न बोलता निघून जायचे. जणू कुणी घरात यावं, खोल्या बघाव्यात, आणि यजमानिणीकडे न बघता चालू पडावं. प्रत्येक नोंदीखाली तीच ओळ: प्रतिक्रिया शून्य.

आणि तिकडे 'हलका हात'वर एकेका नोंदीखाली चौसष्ट.

थोरली तो ब्लॉग रोज उघडी. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत, घरी भाजी शिजेपर्यंत. खर्डा तपासावा तशी एकेक ओळ तपाशी. एखादा शब्द चुकलेला सापडला की तिला तेवढाच गारवा वाटे. कडेला धाकटीनं थोरलीच्या ब्लॉगचा दुवा दिलेला होता, 'माझ्या ताईचा ब्लॉग' म्हणून. आपलं मोठं मन मिरवायला, थोरलीनं ठरवून टाकलं. पण कळस झाला तो तीन महिन्यांपूर्वी. धाकटीनं आईचं मोजणीचं गाणं छापलं. आई टाके मोजताना म्हणायची ते:

पहिला टाका सरळ, दुसरा पाठ फिरवी,
तिसऱ्याला देता वळसा, चौथा त्याला गिरवी,
पाचवा गं ओढू नको, सैल राहू दे,
घालणाऱ्या अंगाला श्वास घेऊ दे.

ना विचारलं, ना सांगितलं. वही थोरलीकडे, आणि गाणं धाकटीच्या ब्लॉगवर. खाली एकशे नऊ प्रतिक्रिया. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. फोनवर मात्र दोघी हवापाण्याचं, दाढदुखीचं, भाच्याच्या परीक्षेचं बोलत राहिल्या. ब्लॉगचा विषय दोघी टाळत होत्या, वाटेत सांडलेल्या पाण्याला वळसा घालावा तसा.

गेल्या बुधवारी मात्र थोरलीच्या तोंडून निसटलं. "बंद करतेय मी तो ब्लॉग. कुणी बोलतच नाही तिथं."

धाकटी पलीकडून म्हणाली, "रविवारी येते मी. तीन वाजता. काहीतरी बिघडलं असेल, बघू दोघी मिळून. तोवर काही पुसू नकोस."

धाकटीनं येऊन आपला ब्लॉग दुरुस्त करावा, ही कल्पनाच थोरलीला सहन होईना. म्हणून रविवारी सकाळी आठपासून ती स्वतःच बसली. ब्लॉगची सजावट बदलून पाहिली. वरून जोडलेल्या सोयी एकेक बंद करून पाहिल्या. 'तुम्ही यंत्र नाही ना' असं विचारणारी चौकट काढून टाकली. मग दुसऱ्या पत्त्यावरून स्वतःच प्रतिक्रिया लिहिली: 'चाचणी एक.' लगेच दिसली. फोनवरून 'चाचणी दोन.' तीही दिसली.

म्हणजे बिघाड काहीच नव्हता. लोकांना बोलायचंच नव्हतं. तिनं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. बिघाड सापडला असता तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

नवरा बाजूच्या टेबलाशी बसला होता. तो दातांच्या डॉक्टरांना साचे करून देतो. रविवारीही दोन-चार जबडे घरी घेऊन येतो. हातातला प्लास्टरचा जबडा किंचित उघडून तो म्हणाला, "हे बघ, हासुद्धा काहीतरी बोलेल. पण तुझ्या ब्लॉगवर कुणी बोलायचं नाही."

"तुम्हाला थट्टा सुचतेय."

"अगं, तू चाचणी करतेस ती पण खर्डा तपासल्यासारखी. चाचणी एक, चाचणी दोन. असं माणसं लिहितात का? थांब, मी वाचकासारखं लिहितो." त्यानं हात पुसले, फोन घेतला, आणि बायकी आवाज काढून वाचत लिहिलं, "ताई, तुमची ही वीण फार आवडली. आमच्या ह्यांना टोपी करणार आहे. ह्यांचं डोकं मोठं आहे, टाके किती वाढवू?"

थोरलीला नको असताना हसू आलं. पान पुन्हा उघडलं. प्रतिक्रिया नव्हती.

"पोचली नाही," ती म्हणाली.

"डोकं फारच मोठं असेल." त्यानं पुन्हा पाठवली. पुन्हा नाही. मग त्यानं नुसतं लिहिलं, 'वीण आवडली.' ती दिसली. 'टाके किती वाढवू?' दिसली. 'ह्यांचं डोकं मोठं आहे.' हीसुद्धा दिसली. नवऱ्याला आता चेव चढला. वाक्यातला एकेक शब्द तो सुटा करून पाठवू लागला, साच्यातला एकेक दात तपासावा तसा. शेवटी एकच शब्द उरला. तो पाठवला, आणि तो कुठेच उमटला नाही.

"नवल आहे," तो म्हणाला. "तुझ्या ब्लॉगला ताई म्हटलेलं चालत नाही."

काय झालं ते थोरलीला कळलं. नवऱ्याला ती म्हणाली, "चहा टाकता का जरा?" तो उठून आत गेला, आणि मग तिनं सेटिंगचं ते पान उघडलं.

अडवलेल्या शब्दांची यादी. जुगाराची नावं, औषधांची नावं, झटपट कर्जाच्या जाहिराती. आणि सर्वांत खाली, तिनं स्वतःच्या बोटांनी टाकलेला शब्द. ताई.

अकरा महिन्यांपूर्वीचा तो दिवस तिच्यापुढे उभा राहिला. पानाफुलांच्या विणीची नोंद होती. खाली धाकटीनं सगळ्यांदेखत लिहिलं होतं, 'ताई, सातव्या ओळीत एक टाका कमी पडतोय गं.' टाका खरंच कमी होता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईची चूक, आणि काढली कुणी तर हिनं. थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. धाकटीचा पत्ता अडवावा, तर ती कधी फोनवरून लिही, कधी दुकानातल्या संगणकावरून. पण तिची प्रत्येक प्रतिक्रिया ताईपासूनच सुरू होई, आणि थोरलीला त्या नावानं हाक मारणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. तिनं शब्दच अडवून टाकला. दुसऱ्या दिवशी लाज वाटली; पण काढायचा म्हटलं तर ते पान पुन्हा बघावं लागलं असतं. म्हणून तिनं ते विसरायचं ठरवलं, आणि ठरवल्याप्रमाणे विसरलीही. धाकटीच्या प्रतिक्रिया थांबल्या तेव्हा तिनं मनाशी म्हटलं, मोठी झाली आता, कशाला लिहील.

अडवलेल्या प्रतिक्रियांच्या टोपलीत हजारो जाहिराती साचलेल्या असायच्या. तिकडे ती कधी फिरकलीच नव्हती. आता तिनं 'ताई' हा शब्द टाकून शोधलं.

दोनशे बारा.

'ताई, हलका हातवरून आले. तिथं तुमच्या बहिणीनं लिहिलंय, अस्सल वीण हवी तर माझ्या ताईकडे जा.'

'ताई, मला बहीण नाही. तुम्हालाच ताई म्हटलं तर चालेल ना?'

'ताई, तुमचा मोजा पाच वेळा धुतला, आकार तसाच आहे.'

'ताई, मागं दोनदा लिहिलं होतं. उत्तर नाही. बऱ्या आहात ना?'

आणि मधे मधे धाकटी. एकतीस वेळा. 'ताई, सातव्या ओळीचं उगीच सगळ्यांसमोर लिहिलं, चुकलंच माझं.' 'ताई, फोनवर बोलायला धीर होत नाही म्हणून इथं लिहिते.' 'ताई, आईचं मोजणीचं गाणं माझ्याकडे टाकू का? तू नको म्हणालीस तर नाही टाकणार.' पंधरा दिवसांनी: 'ताई, नको म्हणाली नाहीस, म्हणून टाकतेय.'

थोरली वाचत राहिली. नवऱ्यानं ठेवलेल्या चहावर साय धरली. इतके दिवस जे वाचक धाकटीनं पळवले असं ती म्हणत होती, ते धाकटीनंच तिच्या दारात आणून सोडले होते, आणि दाराला आतून कडी होती.

शरमेनं तिचा जीव एवढासा झाला. तरी त्या शरमेच्याही तळाशी काहीतरी जळतच होतं. माझे वाचकसुद्धा हिनंच द्यायचे का?

बरोबर तीनला धाकटी आली. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, केसांवर सरकवलेला चष्मा, दुसरा नाकावर.

"दोन-दोन कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"दाजी, एक दूरचा, एक जवळचा. मधलं माणूस आलं की मला दिसतच नाही."

तो हसत आपले जबडे घेऊन आतल्या खोलीत गेला. दोघी बहिणी टेबलाशी बसल्या. थोरलीनं यादीतला शब्द काढलेला नव्हता. संगणक तिनं झाकून ठेवला होता.

धाकटीनं पिशवी उघडली नाही. टेबलावरचा प्लास्टरचा कण बोटानं इकडून तिकडे नेत ती म्हणाली, "ताई, मला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"बोल."

"तुझ्या ब्लॉगला काही झालेलं नाही. मी तिकडून बघितलं, सगळं नीट चालतंय. लोक तुझ्याशी का बोलत नाहीत ते मला कळतं. ते माझ्याकडे बोलून घेतात. आईच्याच विणी दोघींनी लिहायच्या, म्हणजे असंच होणार. आणि मी तुला किती वेळा लिहिलं; ते पानावर दिसलं नाही, तेव्हा वाटलं, तू वाचून झाकून ठेवतेस. तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हाच समजायला हवं होतं मला." तिनं नाकावरचा चष्मा काढला. "मी माझा बंद करते. आजच. तुझ्यासमोर. लिहिते सगळ्यांना, की आता ताईकडेच जा. आईची वही तुझी आहे. मला काय, मी असंच मजेत केलं होतं."

मजेत नव्हतं. थोरलीला ते दिसत होतं. धाकटीचा खालचा ओठ लहानपणी लोकरीचा गुंडा हरवला की जसा आत ओढला जाई, तसाच ओढला गेला होता.

थोरलीनं काहीच बोलायचं नव्हतं. एवढंच करायचं होतं. धाकटीनं पिशवीतून लॅपटॉप काढला, उघडला, पासवर्ड घातला. 'हलका हात'चं आतलं पान समोर आलं. रात्री, सगळे निजल्यावर, यादीतला तो शब्द काढून टाकायचा. उद्यापासून प्रतिक्रिया येऊ लागतील. चौसष्ट, एकशे नऊ, सगळ्या इकडेच येतील. कुणाला कधी कळणार नाही. धाकटी तर आभारच मानील.

धाकटीनं 'ब्लॉग कायमचा काढून टाका' ही ओळ शोधली. पडद्यावर प्रश्न उमटला: नक्की?

"बघ हं," धाकटी हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "दाबते."

थोरलीनं तिचं मनगट धरलं.

"प्रतिक्रिया येत होत्या," ती म्हणाली. "दोनशे बारा. त्यातल्या एकतीस तुझ्या. गाण्याचं तू विचारलं होतंस तेही त्यात आहे. मीच अडवल्या. तू माझी चूक काढलीस, म्हणून ताई हा शब्दच बंद करून टाकला मी. तुला वाटलं मी उत्तर देत नाही. मी तुझं पोचूच दिलं नाही."

धाकटीनं मनगट सोडवून घेतलं नाही.

"आणि हे आज कळलं म्हणून मी शहाणी झाले असं समजू नकोस. तुझी वीण माझ्याहून चांगली आहे. लहानपणापासून आहे. मी जळते गं तुझ्यावर. आत्ता तू बंद करते म्हणालीस ना, तेव्हासुद्धा मला बरं वाटलं."