नाव घ्या, काकू

मले कोणी भित्री म्हटलं की माझं डोकंच सरकते. अर्धं आयुष्य मी टांडापेठच्या गल्लीत काढलं. तिथं दिवसा दाराले कडी लावली तर शेजारीण रुसे. आमचा माग जरा वेळ थांबला की भिंतीपलीकडून गोदूबाई ओरडे, "काय झालं वं मनकर्णे? बरं आहे ना सारं?" हातातून ताट पडलं तरी तेच. अशा बाईले माझा पोरगा अभिजीत सांगून राहिला होता, "आई, तुले चोराचा अलार्म पाहिजे."

"कायले? चोर आला तर त्याले चहा पाजीन," मी म्हटलं.

तो हसला नाही. घर नवीन होतं, हुडकेश्वरच्या लेआउटमधलं. प्लॉट ह्यांनी घेतला होता. हे म्हणजे अभिजीतचे बाबा. त्यांचं नाव मी घेत नाही, आमच्यात बायका घेत नाहीत, आणि या साऱ्या गोष्टीचं मूळ तेच आहे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसता बसता ह्यांची कंबर गेली, तरी म्हणत, "एक दिवस आपलं आंगण राहील, बघ." आंगण झालं, तुळस लागली, फक्त हेच नाही राहिले. घर अभिजीतनं बांधून काढलं आणि स्वतः नोकरीपायी हैदराबादले. मले म्हणे, तूही चाल. मी म्हटलं, ह्यांच्या जागेवर मीच राहीन, तू तुझं पाहा. मग त्यानं अट घातली. अलार्म बसवायचा, मले तो नीट सांभाळता आला तर मी राहायचं, नाही तर गुमान बॅग भरायची.

मी म्हटलं, आण तुझा अलार्म.

पहिला माणूस आला तो कॅमेरेच घेऊन. म्हणे, प्रत्येक खोलीत एक लावू, मुलाले मोबाइलवर सारं दिसेल.

"म्हणजे मी पाय पसरून तूर निवडत बसली, तेही हैदराबादले दिसेल?"

"हो काकू, एकदम क्लियर!"

"उठ," मी म्हटलं.

दुसऱ्यानं नुसता भोंगा आणला. त्याले विचारलं, हा वाजला तर धावून कोण येईल? म्हणे, शेजारी. मी त्याले हाताले धरून आंगणात नेलं आणि शेजारी दाखवले. एका बाजूले बाभूळ, दुसऱ्या बाजूले रेतीचा ढीग. समोर तेवढं एक घर बांधून राहिलं होतं, तिथले मिस्त्री बाबनराव आणि त्यांचे गडी संध्याकाळी आपापल्या घरी जात. तोही गेला.

तिसरा दुर्गेश. तोंडात खर्रा होता, तो आधी बाहेर थुंकून आला, तिथंच मले तो पटला. त्यानं सांगतलं, "काकू, आमचा भोंगा वाजला की प्रताप नगरच्या हापिसात कळते. तिथं चोवीस तास माणूस बसून राहते. ते तुम्हाले लगेच फोन करते आणि विचारते, काय झालं, बरं आहे ना सारं?"

मले एकदम गोदूबाईच आठवली. "हाच बसव," मी म्हटलं. अभिजीत पाहतच राहिला. त्याले वाटलं होतं, मी यालेही हाकलीन.

दुर्गेशनं दिवसभर खटपट केली. दारांच्या चौकटीले लोहचुंबकाच्या पट्ट्या, हॉलच्या कोपऱ्यात हालचाल ओळखणारा डोळा, दाराजवळ बटनांचा डबा. घराबाहेर जाताना एक बटन, घरात असताना दुसरं, आणि बंद कराले चार आकड्यांचा नंबर. ते मी दोनदा करून पाहिलं आणि मले जमलं. मागाची गाठ बांधणाऱ्या हाताले बटन दाबणं काय अवघड!

शेवटी तो म्हणे, "आता पासवर्ड. फोन आला की तुम्ही हा शब्द सांगायचा, म्हणजे घरचंच माणूस आहे हे कळते. नाही सांगतला तर आमचा माणूस येते, गरज पडली तर ठाण्यात कळवतो. असा शब्द द्या, जो काकू कधीच विसरणार नाहीत."

अभिजीतनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "बाबांचं नाव टाका," तो म्हणे. "आई जग विसरेल, ते नाही विसरणार."

अमाय माय! पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि समोर परका माणूस बसला होता. मी काय सांगू, की बाबू, लग्नात नि सणासुदीले उखाण्यात घेतलं तेवढंच? आणि हे गेल्यापासून तर तेही नाही. हळदीकुंकवाले बायका एकमेकींले आग्रह करतात, नाव घे वं, नाव घे. माझ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. मले त्याचं फार वाईट वाटते, पण सांगणार कोणाले? मी होकाराची मान डोलावली. म्हटलं, फोन येईलच कशाले?

आला ना. अभिजीत जाऊन आठवडाही झाला नसेल. दुपारी पडताना मी घरातलं बटन दाबलं. उठली, तोंड धुतलं, देवाजवळ दिवा लावला आणि रोजच्यासारखं समोरचं दार सताड उघडलं. तिन्हीसांजेले लक्ष्मी येते, तेव्हा दार बंद ठेवाले मी काय वेडी आहे? भोंगा असा बोंबलला की बाभळीवरचे सारे बगळे उडाले. बटनं दाबून तो बंद केला तोवर फोन वाजला.

"नमस्कार काकू, मी भूमिका, कंट्रोल रूममधून. सगळं ठीक आहे ना?"

किती गोड विचारलं तिनं! "ठीक आहे वं पोरी, मीच दार उघडलं."

"बरं. पासवर्ड सांगता का?"

मी तोंड उघडलं. नाव काही निघेना. म्हटलं, "अवं, ह्यांचं नाव आहे."

"कोणाचं, काकू?"

"अभिजीतच्या बाबांचं."

"हो, पण ते काय आहे?"

"ते तुले माहीत आहे ना? मग मले काहून विचारून राहिली?"

बिचारी तिच्या नियमानं चालत होती. थोड्याच वेळात स्कूटरवर त्यांचा माणूस आला. मी त्याले माझं आधार कार्ड दाखवलं आणि त्यातल्या ह्यांच्या नावावर बोट ठेवलं. त्यानं मान डोलावली, पाणी प्यायला, गेला. मले वाटलं, मिटलं. पण त्यांनी अभिजीतलेही कळवलं होतं.

त्याचा फोन आला. आवाज असा मऊ, जसा आजारी माणसाशी बोलतात तसा. "आई... बाबांचं नाव आठवलं नाही का तुले?"

मले? नाव आठवत नाही? मले? ज्या नावाच्या माणसासोबत मी बॉबिनी भरल्या, ताणे लावले, त्याच्या पाठीले तेल चोळलं, ते नाव मी विसरीन? माझा असा संताप झाला! "ठेव फोन," एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला. आता वाटते, तेव्हाच सांगतलं असतं तर बरं झालं असतं. पण राग आला की मी शहाणी राहत नाही.

त्यानं त्याचा वेगळाच अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी निरोप आला. तो शनिवारी संध्याकाळी येतो, मले डॉक्टरले दाखवतो, आणि परतीची दोघांची तिकिटं काढली आहेत. दोघांची! मी आंगणात जाऊन तुळशीजवळ बसली आणि रडली. घर सुटणार होतं, तेही मी विसरभोळी ठरून.

मग मी प्रताप नगरले फोन लावला. म्हटलं, पासवर्ड बदला, 'तुळस' ठेवा. ते म्हणे, बदलतो काकू, आधी जुना सांगा. घ्या! दात नाही म्हणून चणे खाता येत नाहीत, आणि दात बसवणारा म्हणे आधी चणे खाऊन दाखवा.

मी ह्यांच्या फोटोसमोर उभी राहून सवय कराले लागली. "म..." म्हटलं आणि हसूच आलं. असं वाटे, आत्ता म्हणतील, "काय वं, आता नावानं हाक माराले लागली?" पदर तोंडाले लावून मी स्वयंपाकघरात पळाली. या वयात! असं रोज केलं, पण एक अक्षर पुढं गेलं नाही.

शनिवारी सकाळी म्हटलं, जायचंच असेल तर पोराले एकदा या घरची सांबारवडी तरी खाऊ घालू. बाहेरचं बटन दाबलं, कुलूप लावलं आणि कोपऱ्यावरच्या ठेल्यावर गेली. सांबाराच्या, म्हणजे तुमच्या कोथिंबिरीच्या, जुड्या निवडत होती, हिरवागार, पहाटे तोडलेला, तेवढ्यात आमच्या बाजूनं भोंगा ऐकू आला आणि लगेच मोबाइल वाजला.

"काकू, मी भूमिका. तुमचं समोरचं दार उघडलंय आणि हॉलमध्ये कोणीतरी आहे. तुम्ही घरी आहात का?"

"नाही वं!"

"मग घरी जाऊ नका. मी माणूस पाठवते आणि ठाण्यात कळवते."

घरी जाऊ नका म्हणे! माझं घर आणि मी जाऊ नको? सांबार हातातच, फोन कानाले, मी तशीच धावली. फाटकाशी येऊन पाहते तर आंगणात समोरचे मिस्त्री बाबनराव कोणाची तरी कॉलर धरून उभे, दोन गडी फावडे घेऊन मागे, आणि मधात, घामाघूम, पाठीवर बॅग घेतलेला माझा अभिजीत. संध्याकाळचा म्हणून सांगतलं आणि लवकरची गाडी मिळाली म्हणून सकाळीच आला. स्वतःच्या किल्लीनं कुलूप उघडलं आणि भोंगा बंद करायचा नंबर विसरला. स्वतःच ठरवलेला नंबर! आणि डॉक्टरले मले दाखवणार होता.

"आई, सांग ना यांले!" तो ओरडला.

"सोडा हो, माझा पोरगा आहे!" मी बाबनरावांले म्हटलं, आणि फोनमध्ये, "पोरी, थांब, पोलीस नको! माझा पोरगा आहे तो."

"काकू, असं तर धाक दाखवून कोणीही बोलवून घेईल. पासवर्ड सांगा, मी लगेच थांबवते. दुसऱ्या लाइनवर ठाणं लागतंय."

भोंगा बोंबलून राहिला होता. अभिजीत माझ्याकडे पाहून राहिला होता, आणि त्याच्या नजरेत तीच ती दया. बिचारी आई, हिले नाही आठवणार. माझ्या अंगात काय आलं कोण जाणे. म्हटलं, नुसतं नाव नाही निघत ना तोंडातून? मग जसं निघत होतं तसंच काढू. डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि भोंग्याच्या वर आवाज चढवला:

"ताण्यात भरला बाणा, काठाले चढवला जर,
अभिजीत लेक माझा, बाप त्याचा मनोहर!"

फोनमधून भूमिका म्हणे, "पासवर्ड बरोबर आहे, काकू." आणि तिनं तिकडून भोंगा बंद केला.

एकदम शांत झालं. बाबनरावांनी कॉलर सोडली, उगाच ती झटकून नीट केली आणि गड्यांले घेऊन निघून गेले. अभिजीत तिथंच पायरीवर बसला.

"आई," तो म्हणे, "तुझ्या तोंडून बाबांचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं."

"हो ना."

"म्हणजे त्या दिवशी तू विसरली नव्हती."

"भैताडा," मी म्हटलं, "ज्याचं नाव तोंडात येऊ द्यायचं नाही, ते चोवीस तास ध्यानात ठेवा लागते. विसरायची सोय कुठं आहे?"

तो लहानपणी रडे तसा रडाले लागला. मी पण रडली. मग त्याच्या हाती सांबार दिला आणि म्हटलं, निवड. निवडता निवडता त्यानं माझं तिकीट मोबाइलवर रद्द केलं, मले दाखवून. वड्या मोजल्या नाहीत मी, पण त्यानं खूप खाल्ल्या. हात धुऊन आला आणि म्हणे, "पासवर्ड बदलून देतो. सोपं काहीतरी ठेवू, तुझी तुळस ठेवू."

"हात नको लावू," मी म्हटलं. "जे आहे तेच राहू दे."

आता दर महिन्याले अलार्म तपासाले भूमिकाचा फोन येते. मी आदल्या दिवसापासूनच भाजी चिरता चिरता काहीबाही जुळवत राहते. कधी काठ-पदराचं, कधी आंगणातल्या जास्वंदाचं. भोंगा वाजवून पाहतो, बंद करतो, आणि मग ती विचारते, "काकू, पासवर्ड?" वर हसून म्हणते, "नुसता नको हं. नाव घ्या, काकू."

हे गेल्यापासून ह्यांचं नाव घे म्हणून मले कोणी म्हटलं नव्हतं. आता ती पोरगी म्हणते, आणि मी डोक्यावर पदर घेते.