कोंबड्यात आलेले आजोबा

त्या दिवशी सकाळपासूनच उकडत होतं. पाऊस महिनाभर लांब, वारा पडलेला, आभाळ नुसतं पांढरं. अंगणातली माती अशी तापली होती की मी एक पाय खाली, एक पाय पोटाशी धरून उभा होतो.

मी कोंबडा बोलतोय. ऱ्होडेशियातल्या बुहेराचा, मुसेकिवाच्या घरचा. जन्म धान्याच्या कणगीखाली झाला. भावंडं बरीच होती. काही घारीनं नेली, उरलेली मुक्तिसेनेनं.

मुक्तिसेना म्हणजे आमचीच पोरं. रानात राहून गोऱ्या सरकारशी लढायची. गावाचा त्यांच्यावर जीव. फक्त त्यांना भूक फार, आणि सादझाच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीच्या, गोळ्याबरोबर कोंबडी लागायचीच. पहाटे मोठ्यानं आरवणाऱ्यांत मीही होतो, पण शेजारची खुराडी रिकामी होऊ लागली तसा माझा आवाज जरा बसला. शेवटी गावात कोंबडा म्हणून मी एकटा उरलो, आणि शेजारी तापेराकडे टोपलीखाली झाकलेली एक कोंबडी. तिचा पत्ता पोरांना नव्हता. आम्ही दोघं गेलो असतो तर गावाला पुन्हा पिल्लू दिसलं नसतं.

दुपारी पोरांचा नायक, कॉम्रेड वावटळ, अंगणात येऊन बसला. आईबापानं ठेवलेलं नाव लढाईत कुणी सांगत नसे. नाव वावटळ, पण माणूस सावकाश. त्यानं घरातल्या सगळ्यांची विचारपूस केली आणि मग माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मला कळतं.

मुसेकिवानं घाईघाईनं आदराच्या टाळ्या वाजवून मान लववली. "कॉम्रेड, तो कोंबडा नाही. आमचे आजोबा आहेत."

आमच्यात पूर्वजाच्या नावानं बैल राखतात. त्याला पूर्वजाचंच नाव द्यायचं, त्याच्याशी टाळ्या वाजवून बोलायचं, सुरी लावायची नाही. पोरं विमानांना भीत नसत, पण पूर्वजांना फार मानायची.

"आजोबा बैलात असतात ना, बाबा?" कॉम्रेडनं विचारलं.

"बैल सरकारच्या शिपायांनी नेला. मग ते बिचारे कुठं जातील?"

"आणि एवढ्याशा जिवात मावले?"

"अंगानं बारीकच होते."

मी मान ताठ केली. आजोबा कसे उभे राहतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात पायाशी वाळवीचा एक किडा आला आणि सवयीनं मी तो उचलला. कॉम्रेडच्या भुवया वर गेल्या. मुसेकिवाची बायको रेवाई लगेच म्हणाली की आजोबांना वाळवी पहिल्यापासूनच आवडायची, भाजून दिली तर जास्तच.

कॉम्रेड हसला नाही. मुक्तिसेनेशी खोटं बोलणं साधी गोष्ट नव्हती. माझी मान तर जाणारच होती, आता मुसेकिवाचीही सोबतीला निघाली होती. कॉम्रेडनं तापेराला बोलावणं धाडलं.

तापेरा म्हणजे मुसेकिवाच्या घराण्याचा ठरलेला थट्टेचा सोयरा. अशा सोयऱ्याला काहीही बोलायची मुभा असते. मयताच्या घरी तो मेलेल्याची नक्कल करतो, आणि कुणी रागवायचं नाही. जे घरचे झाकतात ते तो उघडं करतो. म्हणून तर कॉम्रेडनं त्यालाच बोलावलं. मुसेकिवाच्या आजोबांना मातीही त्यानंच दिली होती. आणि तापेराला हेही कळत होतं की मी वाचलो तर पोरांची भूक त्याच्या दारात जाणार, टोपली उचलून बघणार.

आता मी म्हातारा झालोय. लढाई संपली, पोरं घरी गेली. काही गेली नाहीत, त्यांच्या आया अजून वाटेकडे बघतात. मला दिसतं कमी, नख्या वाकल्यात. उकिरड्यावर जी पिलावळ धावते ती माझी आणि त्या टोपलीतलीची. कारण तापेराचं उत्तर ऐकून पोरं अशी पोट धरून हसली, कॉम्रेडसुद्धा, की टोपली बघायला कुणी उठलंच नाही. वाळवलेल्या पालेभाजीबरोबरच त्यांनी सादझा खाल्ला. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं, कुणा कोंबड्याला हात घालण्याआधी तो कोण आहे ते एकदा विचारून घ्या.

तर तापेरा आला. त्यानं मला चारी बाजूंनी न्याहाळलं, एकदा मुसेकिवाच्या घामेजल्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्यासमोर मातीत बसून त्यानं सावकाश टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "आजोबा, मरण तुम्हाला मानवलं. जिवंतपणी तुम्ही एवढे देखणे नव्हता."