मधली खुर्ची

नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या माणसानं एकही नाटक सबंध पाहिलेलं नसावं, याला काय म्हणावं? धाकट्याचं तसं होतं. जंगल त्याचं, राजवाडा त्याचा, भरून आलेलं आभाळ त्याचं. पण राजा गादीवर बसायच्या आत हा बाहेर पळालेला. शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची कायम त्याची. मांडीवर पाण्याची बाटली, पायाशी दुसरी. प्यावं आणि उठावं, उठावं आणि प्यावं. तहान जन्मापासून सावलीसारखी मागे लागलेली, आणि सावली निदान अंधारात तरी पाठ सोडते. थोरली बहीण त्याला रांजण म्हणायची. तो म्हणायचा, "रांजण बरा, ताई. त्याच्यात पाणी टिकतं तरी."

घर हसायचं. ताई मात्र हे वाक्य मनात धरून प्रयोगशाळेत जाऊन बसली.

तिनं त्याला एकदा समजावलं होतं. पेशींना दारं असतात, दारांना कड्या. बाहेरून निरोप आला की कडी हलते आणि आत घंटा वाजते. डोळ्याला उजेड कळतो तो अशा कडीमुळे, नाकाला वास कळतो तोही. बाळ पोटात घडताना याच कड्या वाजत असतात, तू इकडे सरक, तू तिथेच थांब. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तिला माशाचं काचेसारखं आरपार पिल्लू दाखवलं होतं. त्याच्यात एकच कडी नव्हती, म्हणून काळजाचे दोन भाग एकमेकांपर्यंत पोचलेच नव्हते. दोन बाजूंना दोन काळजं, परक्यासारखी धडधडत होती.

मूत्रपिंडातल्या कडीला मेंदूकडून निरोप येतो, पाणी राखून ठेव. धाकट्याच्या शरीरात ती कडी तयार व्हायची, पण जराशी वाकडी. आणि पेशीच्या आतला पहारा वाकडं काही दारापर्यंत जाऊच द्यायचा नाही.

"म्हणजे कडी आहे, पण माळ्यावर," तो म्हणाला. "आणि मेंदू बिचारा रिकाम्या दारावर चाचपडतोय." एवढं बोलून उठून गेला, अर्थातच.

ताईनं त्याची ती वाकडी कडी कप्प्याकप्प्यांच्या थाळीत वाढवलेल्या पेशींत उतरवली. घंटा वाजली तर थाळी उजळेल, अशी सोय केली. निरोपाचं रसायन वाढवलं, औषधं बदलली. थाळी काळोखीच. प्रत्येक थाळीच्या एका कोपऱ्यातल्या कप्प्यांत ती कडीला अडवणारं औषध घालायची, म्हणजे बाकी उजेड दिसलाच आणि तो कोपरा काळा राहिला, तर उजेड कडीचाच आहे याची खात्री पटावी. ते घालायचं अगदी शेवटी, निरोप देण्याच्या जरा आधी.

एके दिवशी ती थाळीवर वाकलेली असताना भाचीचा, धाकट्याच्या लेकीचा, फोन आला. शाळेतलं नाटक झालं होतं आणि शेवटच्या प्रवेशाला बाबा पुन्हा खुर्चीत नव्हता. ती रडत म्हणाली, "आत्या, तो माझ्या नाटकाचा शेवट कधी पाहणारच नाही का?" फोन खांद्याशी धरून ताई तिची समजूत घालत राहिली, आणि हातानं ते अडवणारं औषध सगळ्या थाळीभर घातलं. तेही एक दिवस आधी.

सकाळी चूक ध्यानात आली. थाळी कचऱ्यात जायची, पण बाईंचा दंडक होता, नासलेली थाळीसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही. चरफडत तिनं पेशी पुन्हा पुन्हा धुतल्या, निरोप घातला, थाळी यंत्रात सरकवली आणि उगाच गुणगुणत बसली:

हाकेला हाक दे गं, दाराच्या माझ्या कडी,
बंधूच्या तहानेची, मोडू दे गं बेडी.

पडद्यावर आकडे चढू लागले. तिला वाटलं, निरोगी पेशींची थाळी चुकून घातली. खूण तपासली, तर धाकट्याचीच होती. काळोख्या घरात कुणी समई लावावी तशी ती थाळी उजळली होती.

बाई चष्मा कपाळावर सारून बराच वेळ पाहत राहिल्या. मग उलगडा झाला. अडवणारं औषध आतच कडीला बिलगलं होतं, त्याच्या आधारानं ती सरळ झाली, पहाऱ्यातून सुटून दारावर येऊन बसली. धुतल्यावर औषध निघून गेलं, कडी तिथेच राहिली.

"शत्रूच बोट धरून तिला दारापर्यंत घेऊन आला की गं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीच चूक जाणूनबुजून केली. थाळी पुन्हा उजळली.

थाळीपासून माणसापर्यंतची वाट लांब होती. कडी सावरेल पण वेळेवर सोडूनही देईल, असं हलक्या हाताचं औषध हवं होतं. ज्यांची कडी मुळात घडतच नाही, त्यांना त्याचा उपयोग नव्हता. वर्षं गेली, भाची शाळेतून कॉलेजात गेली. मग इस्पितळातल्या चाचणीत धाकट्याचा नंबर लागला, आणि एका सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, उशाजवळची बाटली भरलेलीच आहे. मी झोपलो होतो."

त्या महिन्यात भाची राणी झाली, मोठ्या रंगमंचावर. ताईनं सवयीनं दाराजवळची खुर्ची धरून ठेवली.

"तिथं नाही," धाकटा म्हणाला. "मधली." आणि लोकांचे गुडघे बाजूला करत, माफी मागत, मिरवत तो थेट रांगेच्या मध्यावर जाऊन बसला. मध्यंतर झालं, सगळे उठले. तो बसूनच राहिला, हट्टानं.

शेवटच्या प्रवेशात राणी आली. तिची नजर जुन्या सवयीनं दाराजवळ गेली. खुर्ची रिकामी होती. तिचं वाक्य क्षणभर अडखळलं. मग नजर सरकत सरकत मधोमध आली, थांबली, आणि तिचा आवाज असा चढला की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूससुद्धा ताठ बसला.

पडदा पडला. त्यावरचं आभाळ धाकट्यानंच रंगवलेलं होतं, पण ते खाली उतरताना तो पहिल्यांदाच पाहत होता.