उसवायचं काम

आईनं चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. आता तिला लेकीचं नाव आठवत नसे, पण हात काही विसरले नव्हते. शिवलेलं कापड दिसलं, की ते दुरुस्तीला आलंय असं समजून ती टाके उसवायला बसे. लेकीचं पोट आईच्याच शिलाई मशीनवर. गेल्या महिन्यात शाळेचे अकरा गणवेश ऐन द्यायच्या दिवशी बाह्यांविना सापडले. तेव्हा ती आईवर ओरडली आणि मग न्हाणीघरात नळ सोडून रडली. शेवटी तिनंच तोड काढली. चिंध्यांना कच्चे धावदोरे घालून ती ढीग आईपुढे ठेवू लागली. आई तासन्‌तास शांतपणे दोरे ओढत बसे.

डॉक्टरीणबाईंनी लेकीचाच रक्तदाब पाहून दम भरला होता, "आठवड्यातून एक दुपार घराबाहेर पडा. नाहीतर त्यांच्याआधी तुम्हीच अंथरूण धराल." ती एक दुपार मागायला तिनं थोरल्या भावाला बोलावलं.

दादा फळं घेऊन आला. आई खुलली. "किती वाळलास रे!" म्हणाली, हवापाण्याचं बोलली, हसलीसुद्धा.

"ठणठणीत तर आहे! तू उगीच राईचा पर्वत करतेस." मग त्याची नजर चिंध्यांवर गेली. "हे काय? या वयात तिला कामाला जुंपलंस?" त्यानं ढीग उचलून कपाटावर टाकला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जुंपलं? ते टाके मी पहाटे उठून घालते, तिनं उसवावेत म्हणून! तू पाहुण्यासारखा येतोस, तीही पाहुण्याशी बोलावं तशी गोड बोलते. तुझी पाठ वळली की मला विचारते, 'बाई, तुम्ही कोण?'"

"चिडू नकोस. तुझी वहिनी रोज ध्यानाला बसून श्वासावर लक्ष देते, तसं काहीतरी कर."

"श्वास! तो घ्यायला उसंत दे आधी. गुरुवारची एक दुपार, बस."

"मला कुठला वेळ..."

रिकाम्या हातांनी बसलेली आई एवढ्यात उठली. तिनं दादाच्या शर्टाचा खिसा चिमटीत धरला. "वाकडा लागलाय, साहेब. काढून नीट लावते." आणि टाका तोडलासुद्धा. "नाव काय लिहू?"

"आई, मी आहे गं!"

"हो, पण नाव?"

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. बहिणीला त्याची कीव आली नाही, आणि न आल्याची लाजही वाटली नाही. तिनं चपला घातल्या. "पाचला येते. दर गुरुवारी याच वेळेला यायचं."

"अगं, पण मी करू काय?"

"ढीग खाली काढ. उसवून संपला की परत टाके घाल."

"मला कुठे येतात टाके?"

"मला तरी कुठे येत होते? तिनंच शिकवले. विचार तिला."

ती जिना उतरू लागली. मागून दादाची हाक आली. ती थांबली नाही.